मुलाखतीत काय तपासणार, ते आधी सांगा

प्रति,
एचआर विभागप्रमुख,
औषधनिर्मिती आणि रसायन कंपन्या,
वाळूज, चिकलठाणा, कुरकुंभ, महाड, लोटे-परशुराम, तारापूर आणि राज्यातल्या इतर औद्योगिक वसाहती

विषय : बी.एस्सी. झालेल्या नवख्या उमेदवारांच्या मुलाखती

सप्रेम नमस्कार.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी पदवी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. प्लेसमेंट समितीचं कामही माझ्याकडेच आहे. तृतीय वर्षाची परीक्षा संपली की आमची मुलं-मुली तुमच्याकडे येतात. क्यूसी केमिस्ट (मालाची गुणवत्ता तपासणारे), प्रॉडक्शन ट्रेनी, लॅब असिस्टंट, जे मिळेल ते. त्यांच्यातल्या बहुतेकांच्या घरात आजवर कुणी कंपनीत मुलाखत दिलेली नसते. आई-वडील ऊसतोडीला जाणारे, शेतात राबणारे, नाहीतर गावात छोटं दुकान किंवा शिवणकाम करणारे. अर्ज कसा करायचा, समोर बसलेल्या साहेबांना नेमकं काय हवं असतं, हे सांगणारं घरात कुणी नाही. ते सांगायचं काम मी आणि माझे सहकारी करतो. पण आम्हाला तरी ते कुठून कळणार? ते फक्त तुम्हाला ठाऊक असतं, आणि तुम्ही ते सांगत नाही.

म्हणून हे पत्र. मागणी एकच आहे. एखाद्या पदासाठी तुम्ही काय तपासणार, कुठल्या भाषेत तपासणार आणि निवड झाली तर हातात किती पगार पडणार, हे उमेदवार घरातून निघायच्या आधी त्याला लेखी कळवा. आणि मग तेवढंच तपासा.

तुमची जाहिरात आमच्यापर्यंत व्हॉट्सॲपवर फिरत फिरत येते. वॉक-इन इंटरव्ह्यू, बी.एस्सी. केमिस्ट्री, क्यूसी / क्यूए / प्रॉडक्शन, फ्रेशर चालेल, सॅलरी ॲज पर कंपनी नॉर्म्स, सकाळी १० ते दुपारी १, मूळ कागदपत्रांसह हजर राहावे. खाली पत्ता. यापलीकडे काही नसतं. किती जागा आहेत ते नाही, शिफ्ट कशी असेल ते नाही, बस आणि कँटीन आहे की नाही ते नाही. आमचा मुलगा कुरकुंभला मुलाखतीला जायचं म्हणतो तेव्हा त्याला लातूरहून रात्रीची गाडी पकडावी लागते, पहाटे दौंडला उतरून स्टेशनवरच तोंड धुवावं लागतं, मग वडापने औद्योगिक वसाहत गाठावी लागते. जाण्यायेण्याचे पैसे बहुधा उसने घेतलेले असतात. गेटवर त्याच्यासारखेच दोन-अडीचशे जण उभे असतात. दुपारी कधीतरी आत घेतात आणि पाच मिनिटांत बाहेर पाठवतात. त्या पाच मिनिटांत पगाराचा आकडा पहिल्यांदा कानावर पडतो, आणि कधी कधी तो एवढा कमी असतो की खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे गेल्यावर घरी पाठवायला काही उरणार नाही. हा आकडा जाहिरातीत छापला असता तर ज्याला परवडत नाही तो आलाच नसता. त्याची रात्र आणि पैसे वाचले असते, तुमच्या गेटवरची गर्दीही कमी झाली असती.

आता रेझ्युमेबद्दल. आमच्या मुलांचे रेझ्युमे एकमेकांसारखे दिसतात, ही तुमची तक्रार मी ऐकली आहे आणि ती खरी आहे. तालुक्याच्या नेट कॅफेत एक तयार फाईल असते. नाव, पत्ता आणि टक्के बदलायचे, वीस रुपयांत प्रिंट. वर ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’ म्हणून इंग्रजीतलं एक लांबलचक वाक्य, ज्याचा अर्थ विचारला तर सांगता येत नाही. खाली जन्मतारीख, वडिलांचं नाव, वडिलांचा व्यवसाय, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, छंद, आणि शेवटी ‘वरील माहिती सत्य आहे’ असं प्रतिज्ञापत्र. आम्ही हे बदलायला लागलो आहोत. एक पान पुरे, असं मी सांगते. रंगीत पट्ट्या, दोन रकाने, चौकटी नकोत, कारण नोकरीच्या पोर्टलवरचं सॉफ्टवेअर बऱ्याचदा त्यांतला मजकूर उलटसुलट वाचतं. ऑब्जेक्टिव्ह काढून टाका आणि तिथे तुम्ही स्वतःच्या हाताने काय केलंय ते लिहा.

एक उदाहरण देते. आमच्याकडे तृतीय वर्षाला पाण्याच्या तपासणीचा प्रकल्प असतो. आसपासच्या गावांतल्या बोअरचं पाणी आणायचं, ईडीटीए टायट्रेशनने, म्हणजे रंग बदलेपर्यंत मोजून द्रावण घालत, त्याचा कठीणपणा काढायचा, पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाशी, आयएस १०५०० शी, ताडून बघायचा. त्या मानकात कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंतची सूट आहे. मुलं रेझ्युमेत लिहून येतात : ‘प्रोजेक्ट – वॉटर ॲनालिसिस’. बस. मी त्यांना परत बसवते. किती नमुने घेतलेस? बाटली कशी धुतलीस? बफर कुठला, पीएच किती? रंग लाल होता त्याचा निळा झाला हे कुठल्या क्षणी ठरवलंस? एकाच नमुन्याची तीन रीडिंग जुळली नाहीत तेव्हा काय केलंस? ही उत्तरं त्यांना येतात, कारण ते काम त्यांनी खरंच केलेलं असतं. मग ती उत्तरं आम्ही चार ओळींत रेझ्युमेत उतरवतो. आता माझं तुम्हाला विचारणं एवढंच आहे की या चार ओळींवर तुम्ही प्रश्न विचारता का? मुलाखत देऊन आलेल्या प्रत्येकाला मी हे विचारते. बहुतेकांचं उत्तर ‘नाही’ असंच असतं. प्रश्न असतात ते ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’, ‘पाच वर्षांनी तू कुठे असशील’, ‘तुझ्यातले दोष सांग’, आणि ‘वडील काय करतात’.

जात, धर्म, वडिलांचा व्यवसाय, लग्न झालंय की नाही, हे आम्हाला नको आहे, असं तुम्ही जाहिरातीत एका ओळीत लिहिलंत तर नेट कॅफेतली ती फाईल एका वर्षात बदलेल. आम्ही कितीही सांगितलं तरी मुलांना भीती वाटते की हे काढलं तर अर्ज अपुरा मानतील. तुमच्या एका ओळीने ती भीती जाईल.

ही भीती निराधार नाही, आणि माहिती देण्यातला धोकाही काल्पनिक नाही. आपल्याच अमरावती जिल्ह्यातले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ पॉल ॲटवेल यांनी एक प्रयोग केला होता. तो २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त छापून आला. वर्तमानपत्रांतल्या खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावं वेगळी ठेवली. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश. त्याच सुमारास समाजशास्त्रज्ञ सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी मोठ्या कंपन्यांच्या एचआर अधिकाऱ्यांशी सविस्तर बोलून लिहिलं की गुणवत्तेवर मनापासून विश्वास असल्याचं सांगणारे हे अधिकारी मुलाखतीत ‘फॅमिली बॅकग्राउंड’ जवळपास हमखास विचारतात. तुमच्यातले किती जण हा प्रश्न वाईट हेतूने विचारत असतील? फार थोडे, असं मी मानते. मुलाला बोलतं करावं, त्याचं दडपण जावं म्हणून तो विचारला जातो. पण ज्याची आई कोयता घेऊन फडात जाते त्या मुलाला या प्रश्नाने मोकळं वाटत नाही. तो अडखळतो, आणि त्याचं अडखळणं तुमच्या कागदावर ‘कॉन्फिडन्स लो’ म्हणून नोंदलं जातं. त्याला बोलतं करायचं असेल तर त्याने तपासलेल्या पाण्याबद्दल विचारा.

अशा प्रश्नांबद्दल आपल्या सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वी बोलून ठेवलं आहे. श्रीनगरच्या रिजनल इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रवेशाचं प्रकरण होतं, अजय हासिया खटला, निकाल नोव्हेंबर १९८० चा. लेखी परीक्षा १०० गुणांची आणि तोंडी ५० ची. तोंडी परीक्षा जेमतेम दोन-तीन मिनिटं चालायची आणि वडील कोण, राहता कुठे, असले विषयाशी संबंध नसलेले प्रश्न विचारले जायचे, अशी विद्यार्थ्यांची तक्रार होती. न्यायालयाने तोंडी परीक्षेला एक तृतीयांश गुण देणं मनमानी ठरवलं, पंधरा टक्क्यांच्या वर जाऊ नये असं म्हटलं, आणि मुलाखती टेप करून ठेवाव्यात अशी सूचनाही केली. हा निकाल सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेबद्दल आहे, तुमच्या खासगी कंपनीला तो बंधनकारक नाही, हे मला माहीत आहे. पण दोन-तीन मिनिटांच्या गप्पांवर एखाद्याचं भवितव्य ठरू नये हे म्हणणं सरकारी संस्थेपुरतं खरं आणि कारखान्यात खोटं, असं कसं असेल? पुढे केंद्र सरकारनेही १ जानेवारी २०१६ पासून गट क आणि गट ब अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंदच केल्या.

मुलाखती बंद करा असं मी म्हणत नाही. तुम्हाला माणूस पाहायचा असतो, त्याने प्रयोगशाळेत इतरांबरोबर काम करायचं असतं. पण मुलाखत कशी घेतली यावर तिच्यातून काय कळतं हे अवलंबून आहे, आणि तुमच्याच क्षेत्रातल्या अभ्यासकांनी ते मोजलं आहे. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये निवडपद्धतींवरच्या जुन्या संशोधनाची फेरतपासणी केली. सगळ्यांना तेच ठरवलेले प्रश्न आणि गुण देण्याची आधी ठरवलेली रीत, अशा मुलाखतीचा पुढच्या कामगिरीशी संबंध ०.४२ निघाला (१ म्हणजे तंतोतंत, ० म्हणजे काहीच नाही). मनाला येईल ते विचारत घेतलेल्या मुलाखतीचा ०.१९. निम्म्याहूनही कमी. म्हणजे पाच मिनिटांच्या गप्पांनी आमच्या मुलांवर अन्याय होतो तेवढाच तुमच्या कंपनीचाही तोटा होतो.

मग काय तपासावं? क्यूसी केमिस्टपुरतं मी ठामपणे सांगू शकते, कारण तो माझा विषय आहे.

उमेदवाराला टेबलापाशी उभं करा. एक ब्युरेट, एक पिपेट, सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण, वजन करून ठेवलेलं पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट, फिनॉल्फ्थॅलिन आणि एक कोरी वही. सांगा, या द्रावणाची नॉर्मॅलिटी, म्हणजे तीव्रता, काढ. अर्धा तास द्या आणि बाजूला उभं राहून बघा. ब्युरेट आधी त्याच द्रावणाने खळबळून घेतो का? भरून झाल्यावर वरचं फनेल काढतो का? नळीच्या टोकाला अडकलेला हवेचा बुडबुडा त्याला दिसतो का? रीडिंग घेताना डोळा पातळीवर आणतो का, की वरूनच वाकून बघतो? शेवटाजवळ थेंब थेंब सोडतो, की गडद गुलाबी होईपर्यंत धार तशीच ठेवतो? फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकतो का हे थांबून बघतो का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, रीडिंग लगेच वहीत लिहितो की हातावर लिहून नंतर उतरवतो? आकडा चुकला तर गिरवतो, खोडतो, की त्यावर एकच रेघ मारून शेजारी बरोबर आकडा, सही आणि तारीख टाकतो?

तुमच्या प्रयोगशाळेत डेटा इंटिग्रिटीवर, म्हणजे नोंदींच्या खरेपणावर, वर्षभर जी प्रशिक्षणं होतात, बाहेरचे तपासनीस येऊन ज्या वह्या उलटून बघतात, त्यांचं सार या अर्ध्या तासात डोळ्यांसमोर येतं. जो मुलगा दुसरं रीडिंग पहिल्याशी जुळत नाही म्हटल्यावर घाबरतो, पण तरीही आलं तेच लिहितो, तो तुम्हाला हवा आहे. आणि हा मुलगा ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ला गप्प बसला म्हणून तुम्ही त्याला घालवून बसता. आमच्याकडे अशी मुलं आहेत. प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक ज्यांचा हात बघून थांबतात, अशी.

दोनशे उमेदवारांना टायट्रेशन करायला देणं शक्य नाही, असं तुम्ही म्हणाल. मान्य. मग आधी वीस मिनिटांचा लेखी पेपर घ्या. द्रावण पातळ करण्याचं एक गणित, नॉर्मॅलिटी आणि मोलॅरिटीचा एक प्रश्न, आणि मुद्दाम चुका करून ठेवलेलं लॉगबुकचं एक पान, ज्यातल्या चुका शोधायच्या. त्यातून वीस-पंचवीस निवडा आणि त्यांना टेबलापाशी न्या. प्रॉडक्शनच्या पदासाठी याच धर्तीवर दुसरं काहीतरी ठरवता येईल. तिथे मला तुमच्याइतकं कळत नाही.

आणि हे सगळं आधी जाहीर करा. वीस मिनिटांचा पेपर, असे असे प्रश्न, मग टायट्रेशन. आधी सांगितलं तर सगळेच पाठ करून येतील, अशी शंका कुणी तरी नक्की काढेल. अहो, पाठ करून तर ते आत्ताही येतात. यूट्यूबवर ‘मुलाखतीतले दहा प्रश्न’ बघून, शहरातल्या क्लासला पैसे भरून. माझा दोष म्हणजे मी कामात फारच परिपूर्णता शोधतो, हे उत्तर किती उमेदवारांकडून ऐकलंत तुम्ही? ते पाठांतरच आहे, आणि ज्याच्याकडे क्लासचे पैसे आहेत त्याचं ते जास्त चांगलं होतं. टायट्रेशन पाठ होत नाही. ते करून करूनच हातात बसतं. मुलांनी त्यासाठी महिनाभर सराव केला तर तुम्हाला सराव झालेला केमिस्ट मिळाला, यात बिघडलं काय?

भाषेबद्दल मला जपून लिहायचं आहे, कारण इथे आमच्या बाजूनेही अर्धवट बोललं जातं. तुमचे एसओपी, म्हणजे काम कसं करायचं याच्या लेखी सूचना, इंग्रजीत असतात, बॅच रेकॉर्ड इंग्रजीत, परदेशी ऑडिट इंग्रजीत. केमिस्टला इंग्रजी वाचता आणि लिहिता आलंच पाहिजे. त्यात सूट मागायला मी हे पत्र लिहिलेलं नाही. पण तुम्ही तपासता ते वाचणं-लिहिणं नसून अस्खलित बोलणं असतं, आणि ते बहुतेक ठिकाणी कामात लागतच नाही. शिफ्टमध्ये सुपरवायझर मराठीत नाहीतर हिंदीत बोलतो. तेव्हा एसओपीचं एक पान द्या, शांतपणे वाचू द्या, आणि ‘यात काय करायला सांगितलंय’ हे त्याच्या भाषेत विचारा. मग केलेल्या कामाची चार ओळींची नोंद इंग्रजीत लिहायला सांगा. यातून तुम्हाला त्याचं खरं इंग्रजी कळेल. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत मुख्य परीक्षा मराठीतून लिहिणाऱ्याला २७५ गुणांची मुलाखतही मराठीतून देता येते. जिल्ह्याचा कारभार बघणारा अधिकारी मराठीतून बोलून निवडला जाऊ शकतो, तर महाडच्या प्रयोगशाळेत पीएच मीटर कॅलिब्रेट करणाऱ्याला ती मुभा का नसावी?

आता मुलींबद्दल. आमच्या रसायनशास्त्राच्या वर्गात मुली चांगल्या संख्येने आहेत आणि प्रात्यक्षिकात बहुधा त्याच पुढे असतात. त्यांच्यापर्यंत येणाऱ्या जाहिरातींत ‘ओन्ली मेल कँडिडेट्स’ असं सर्रास छापलेलं असतं. भरतीत स्त्री म्हणून डावलू नये, हे १९७६ च्या समान वेतन कायद्यात होतं, आणि नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही आहे. तरी ही ओळ छापली जाते, कारण कुणी विचारत नाही. मी विचारते आहे. रात्रपाळीची अडचण असेल तर पाळी जाहिरातीत लिहा, बसची सोय आहे की नाही लिहा, आणि येणं जमेल की नाही हे त्या मुलीला ठरवू द्या. गेल्या वर्षी आमची एक मुलगी लेखी पेपरात पहिली आली. मुलाखतीत तिला रसायनशास्त्रातलं काहीही विचारलं नाही. लग्नाचं काय ठरलंय, ठरल्यावर नोकरी सोडणार का, घरचे एवढ्या लांब कसे पाठवतात, एवढंच. ती परत आली आणि बी.एड.चा अर्ज भरला. शिक्षिका म्हणून ती चांगलीच होईल. पण तिला प्रयोगशाळेत काम करायचं होतं. त्या खोलीतल्या एकाही प्रश्नाने ते कुणाला कळलं नाही.

दहावी, बारावी, पदवी, तिन्हीकडे साठ टक्के आणि शिक्षणात एकाही वर्षाचा खंड नको, या अटीवरही फेरविचार करा. बारावीला ५४ आणि बी.एस्सी.ला ७८ टक्के असलेला मुलगा या अटीने चाळणीतच बाहेर पडतो. बारावीच्या वर्षी दिवाळीपासून घरचे कारखान्यावर होते, धाकट्या भावंडांचं आणि जनावरांचं तोच बघत होता, हे गुणपत्रिकेवर दिसत नाही. दिसतं ते एवढंच की त्यानंतरच्या तीन वर्षांत तो कुठून कुठे गेला. पदवीच्या विषयातले गुण बघा. रसायनशास्त्राचं काम करायला रसायनशास्त्रातले गुण पुरेत.

अनुभवाबद्दल एकच गोष्ट. ‘फ्रेशर चालेल’ असं लिहून आत गेल्यावर ‘एचपीएलसी हाताळलंय का’ असं विचारलं जातं. एचपीएलसी, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र, तालुक्याच्या कॉलेजात नसतं. त्या यंत्राची किंमत लाखांत आहे आणि आम्हाला काचसामानाचं बिल मंजूर करून घेताना नाकीनऊ येतात. मुलांनी त्याची आकृती काढलेली असते, तत्त्व त्यांना सांगता येतं. ‘पाहिलं नाही’ असं खरं सांगणारा मागे पडतो आणि रेझ्युमेत खोटंच ‘एचपीएलसी, जीसी, यूव्ही’ लिहिणारा पुढे जातो, हे एकदा मुलांच्या लक्षात आलं की मी प्रामाणिकपणाबद्दल वर्गात काय बोलायचं? अनुभवाची खोटी पत्रं विकणारे आणि ‘रजिस्ट्रेशन फी’ घेऊन मुलाखतीला पाठवणारे एजंट याच फटीतून शिरतात. आम्ही कुणाकडूनही पैसे घेत नाही आणि अमुक पदासाठी यंत्राचा अनुभव लागत नाही, एवढं जाहिरातीत ठळक लिहिलंत तर त्यांचा निम्मा धंदा बसेल.

यंत्र दाखवायचा मार्गही आता आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आमच्या अभ्यासक्रमात ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ला ४ क्रेडिट आहेत. राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आणली, तीत पदवीधराला महिना १०,००० रुपये विद्यावेतन सरकारकडून मिळतं. शिकाऊ उमेदवारांचा कायदा तर १९६१ पासूनच आहे. जागा मात्र तुमच्याकडून हव्यात, आणि त्या खऱ्याखुऱ्या प्रयोगशाळेतल्या हव्यात. आमच्या एका मुलाला प्रशिक्षणाच्या नावाखाली पहिले कित्येक आठवडे झेरॉक्स काढायला आणि फाईली लावायला बसवलं होतं. दोन मुलांना घ्या, पण त्यांना यंत्रापाशी उभं राहू द्या. सहा महिन्यांनी ती मुलं कशी आहेत हे तुम्हाला कुठल्याही मुलाखतीपेक्षा जास्त कळलेलं असेल.

राहिलं उत्तर देणं. ‘वुई विल गेट बॅक टू यू’ हे वाक्य आमची मुलं शब्दशः खरं मानतात. नंबर बदलत नाहीत, रेंज नसलेल्या ठिकाणी जायचं टाळतात, दुसरीकडे रुजू व्हायला कचरतात. निवड झाली नाही, हा एका ओळीचा मेसेज आला तर ती मोकळी होतील. त्यात ‘लेखी पेपरात गणित चुकलं’ किंवा ‘नोंदवही नीट लिहिली नाही’ एवढं जरी कळवलंत तर मी पुढच्या तुकडीला तेच आधी शिकवेन. ठरवलेल्या निकषांवर गुण दिलेले असतील तर हे कळवायला तुम्हाला वेगळं काही करावं लागणार नाही, गुणांचा तक्ता समोरच असेल.

आमच्या बाजूने काय करू तेही लिहिते. तृतीय वर्षाच्या प्रत्येक मुलाचा एक पानी रेझ्युमे आम्ही तपासून पाठवू, आणि त्यात न केलेलं काहीही असणार नाही. तुमचा लेखी पेपर आणि टायट्रेशनची चाचणी आमच्या प्रयोगशाळेत घेता येईल. काचसामान, रसायनं, टेबलं आमची. तुमचा एक माणूस एक दिवस आला तर आसपासच्या चार-पाच कॉलेजांची मुलं एकाच ठिकाणी जमवायची जबाबदारी माझी. म्हणजे दोनशे मुलांनी रात्रभर प्रवास करण्याऐवजी एकाने करायचा.

डिसेंबरअखेर एक पान पाठवा. पद, जागा, पगार, पाळी, काय तपासणार आणि कुठल्या भाषेत. सहाव्या सत्राची प्रात्यक्षिकं जानेवारीत सुरू होतात. ते पान हातात असेल तर मला त्यांची आखणी त्याप्रमाणे करता येईल.

आपली,
रसायनशास्त्राची एक प्राध्यापिका आणि प्लेसमेंट समिती समन्वयक
मराठवाडा